हिरवी खूण आणि कुंकू लागलेली डिस्क

इकडे ये, स्नेहल. दारात उभं राहून "हो काकू, हो काकू" करू नको. जवळ बस, अन् तो मोबाईल पालथा ठेव. तू समोर नाहीस हे मले कळते. मी माझ्या ओट्यावर बसून लिहून राह्यली आणि तू रक्तपेढीत माझ्या जुन्या खुर्चीवर बसली असशील. पण फोन केला की तू म्हणते, "काकू, गर्दी आहे, नंतर करते," आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. म्हणून या दिवाळी अंकाचे संपादक घरी येऊन म्हणाले, "नोकरीतले अनुभव लिहा, जशा बोलता तशाच लिहा," तेव्हा मी ठरवलं, चला, स्नेहलले जे सांगायचं ते आता छापूनच सांगू. मग तरी वाचशील. बाकी लोकायनं वाचलं तर आणखी बरं.

रागावायचं कारण एकच. मागच्या खेपेले मी विचारलं, "बॅकअप कसा चालू आहे गं?" तर तू हसली आणि म्हणाली, "काकू, टेन्शनच नाई. रोज हिरवं येते."

पोरी, माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. राग तुझा नाही आला. राग आला तो त्या हिरव्याचा.

वाचणाऱ्यायसाठी थोडं मागून सांगते. वाशीममधल्या एका संस्थेच्या रक्तपेढीत मी नोकरी केली. नाव सांगत नाही, कारण ज्यायले माहीत आहे त्यायले माहीत आहे. मी लागली ती रक्तदात्यायले फोन लावणारी बाई म्हणून. "नमस्कार, दादा, तुमच्या गटाचं रक्त पाहिजे, येता का?" एवढंच काम. मग कम्प्युटर आला. त्या काळी त्याले झाकण घालून ठेवत, आणि आत जाताना चपला बाहेर काढत. हात लावायची हिंमत कोणाची होईना. मी रोज धूळ पुसायची, पुसता पुसता एक दिवस चालू केला. पुढचं सगळं चुकत चुकत, अकोल्याच्या कंपनीवाल्यायचं फोनवर बोलणी खात, आणि पडद्यावर आलेल्या इंग्रजी सूचनेतला एकेक शब्द डिक्शनरीत पाहत शिकली. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही.

मग आला सर्व्हर. म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतली एक काळी पेटी, जिच्यात सगळ्या रक्तपेढीची आठवण साठवलेली. कोणत्या दात्याचा कोणता गट, कोणत्या पेशंटले कधी कोणतं रक्त दिलं, कोणाले काय त्रास झाला. एसी आमच्याकडे दोघांपुरताच होता, एक रक्ताच्या पिशव्यायले आणि एक सर्व्हरले. आम्ही माणसं पंख्याखाली.

ही पेटी कधीतरी मरणार, हे धरूनच चालावं लागते. म्हणून रोज संध्याकाळी तिच्यातल्या सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढायची. त्याले बॅकअप म्हणतात. ते काम एक सॉफ्टवेअर करते आणि शेवटी रंग दाखवते. तांबडा म्हणजे प्रत निघाली नाही. हिरवा म्हणजे निघाली. आणि पिवळा म्हणजे निघाली, पण काही फायली सुटल्या. लोक तांबड्याले भितात. मी पिवळ्याले भ्यायची. तांबडं दिसलं की सगळे धावतात, पिवळ्याले म्हणतात, "झालं ना? मग?" आता सोयाबीन निघाल्यावर ट्रॉलीत पोती भरली, माणसानं मोजली, बरोबर आहे म्हणून सांगितलं. पण दोन पोती खळ्यातच राह्यली असतील तर? आणि एखादं पोतं खालून फाटलेलं असेल तर? मोजताना ते पोतंच मोजलं जाते, आत दाणा असो की नसो. अर्धवट बॅकअप म्हणजे असा माल. घरी पोचेपर्यंत कळत नाही.

फाईल सुटायची कारणं तरी किती! आमचे पहिले डॉक्टर साहेब त्यांची एक्सेलची फाईल उघडी ठेवूनच घरी जात. उघडी फाईल सॉफ्टवेअरले उचलता येत नाही. "साहेब, तेवढी बंद करत जा." "अहो ताई, सकाळी पुन्हा तीच उघडायची ना!" म्हटलं, मग घराचं दारही उघडंच ठेवत जा साहेब, सकाळी पुन्हा तेच उघडायचं. हसले, आणि दुसऱ्या दिवशी फाईल पुन्हा उघडी. संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ सर्व्हरवर आणून टाकला, डिस्क भरली, आणि रक्तदात्यायची यादी बाहेर राह्यली. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं सुरक्षित होतं! आमचे शिपाई गुलाबमामा झाडताना वायर काढत आणि परत लावताना दुसऱ्याच भोकात लावत, की सॉफ्टवेअर डिस्क शोधत बसायचं. मामाले रागावली की म्हणत, "मले काय मालूम बाई, भोकं तं सारखीच हायत."

म्हणून मी माझ्या दोन रीती ठेवल्या होत्या. एक, डिस्का दोन. एकीले तांबडी पट्टी, एकीले निळी. एक सर्व्हरले लावलेली, तेव्हा दुसरी माझ्या घरी कपाटात, साड्यांच्या घडीत. आठवड्यानं अदलाबदल. रक्तपेढीले आग लागो, पाणी शिरो, एक प्रत दुसऱ्या छपराखाली पाहिजे. आणि दुसरी रीत म्हणजे शनिवारची परीक्षा. दर शनिवारी डिस्कवरून कोणतीही एक फाईल परत काढायची आणि उघडून पाहायची. उघडली तर बॅकअप. नाही उघडली तर नुसता रंग.

आता नाझनीनचं ऐक.

नाझनीन ही मंगरुळपीरच्या सलीमभाईची मुलगी. सलीमभाई मोटारसायकलच्या सीटले रेक्झिनची कव्हरं शिवतात. नाझनीनले थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकत नाही, म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी बाहेरचं चढवावं लागते. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती सोय होती. लहान होती तेव्हा माझ्या टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची. बघता बघता कॉलेजात गेली.

इतकी वर्षं दुसऱ्यांचं रक्त घेतलं की कधी कधी शरीर एखाद्या रक्ताशी वैर धरते. ए, बी, ओ हे गट सगळ्यायले माहीत असतात, पण त्याच्या आत आणखी बारीक प्रकार असतात. नाझनीनच्या अंगानं त्यातल्या एका प्रकाराशी वैर धरलं होतं. नागपूरच्या एका लॅबनं ते शोधून कागदावर लिहून दिलं, या प्रकारचं रक्त हिले कधीच देऊ नये. आणि यात एक मोठी गोम आहे, ती पुढं नव्या आलेल्या डॉक्टर मॅडमनी मले समजावून सांगितली. हे वैर काही काळानं रक्तात दिसेनासं होते. तपासणी केली तर सगळं चांगलं येते. पण तेच रक्त पुन्हा दिलं की शरीराले आठवते, आणि ते आलेल्या रक्ताचा नाश करते. जीव जाऊ शकते. म्हणजे नवी तपासणी भरवशाची नाही, जुना कागदच भरवशाचा.

आणि तो कागद आम्ही काय केला? सेक्रेटरी साहेबांच्या डोक्यात "कागदमुक्त रक्तपेढी" आली होती. फलक लागला, फीत कापली, फोटो निघाले. पेशंटायचे कागद मागवून घेतले, मी स्कॅन करून सर्व्हरमध्ये टाकत गेली. सलीमभाई कागद हातातून सोडेचनात.

"बाई, असल कागद आमच्याजोळ राहू द्या ना. मी रेक्झिनची थैली शिवतो, पान्यानंबी भिजणार नाई."

सेक्रेटरी साहेब मागंच उभे होते. "अरे भाई, कम्प्युटरमधी टाकलं म्हणजे तिजोरीत टाकलं. कायले ओझं वागवता?"

"साहेब, तिजोरीची चाबी तं तुमच्याजोळ राह्यते."

सगळे हसले. कागद ठेवून घेतला. मग सगळे कागद रद्दीत गेले. परत द्यायला काय झालं होतं? आजही मले हे आठवलं की मी दातओठ खाते. ज्याचा कागद त्याले द्यायचा, एवढी साधी गोष्ट. पण परत दिला असता तर "कागदमुक्त" कसं म्हणता आलं असतं!

पुढं नवा स्कॅनर आला. तो बसवणाऱ्यानं त्या स्कॅनच्या फोल्डरले अशी परवानगी लावून ठेवली, की आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरले त्याच्यात शिरताच येईना. दारात उभं राहून परत यायचं, आणि नोंदीत लिहायचं, "प्रवेश नाकारला, फायली वगळल्या." पिवळं. रोज पिवळं. मी अकोल्याच्या पंकजले फोन लावला. सॉफ्टवेअर त्याच्याच कंपनीनं दिलेलं. म्हणे, येतो. नेमकी तेव्हाच संस्थेची तपासणी ठरली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काकू, तपासणीवाल्यायले पिवळं दिसलं नाही पाहिजे."

पंकज आला, खोलीत बसला, चहा घेतला, गेला. दुसऱ्या दिवशी हिरवं.

मी फोन केला. "काय केलं रे?"

"सेटिंग सुधरवली काकू."

"परवानगी दिली का त्या फोल्डरले?"

"झालं काकू सगळं. आता टेन्शन नाई."

हे "टेन्शन नाई" तेव्हापासून माझ्या कानात खडा घुसल्यासारखं घुसलेलं आहे. आणि तपासणी झाल्यावर सेक्रेटरी साहेबांनी बोलावून सांगितलं, "काकू, आता सगळं ऑटोमॅटिक झालं. एकच डिस्क कायम लावून ठेवू. तुमचं वय झालं, तुमी आरामात फोन सांभाळा." म्हटलं, "साहेब, शनिवारची परीक्षा?" तर म्हणाले, "हिरवं येऊन राह्यलं ना? मग परीक्षा कायची? पास झालेल्या पोराले पुन्हा पेपर देता का?" पासवर्ड बदलला. घरची निळी डिस्क जमा करायले लावली. भंगाराच्या यादीत जुन्या मॉनिटरायच्या खाली ती पण लिहिली गेली. मी परत फोनवर. "नमस्कार, दादा, येता का?"

मग एका उन्हाळ्यात, वाशीमचा मे महिना तुले माहीत आहे, लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि एका झटक्यात आली ती सर्व्हरची हार्डडिस्क घेऊनच गेली. पेटी मेली. पंकज अकोल्याहून आला, नवी हार्डडिस्क टाकली आणि तांबड्या पट्टीच्या डिस्कवरून सगळं परत आणलं. दात्यायची नावं आली, पिशव्यायचा साठा आला. सेक्रेटरी साहेबांनी पेढे मागवले. "बघा काकू, तुमी उगा भीत होत्या!" मी पेढा घेतला. तोंडात टाकायच्या आधीच जिन्यावरून सलीमभाई आले, मागं नाझनीन, कागदासारखी पांढरी, भिंतीले धरत धरत.

डॉक्टर मॅडम अमरावतीहून नव्यानंच आलेल्या. त्यांनी नाझनीनचं नाव टाकलं. नाव आलं, गट आला. खाली जिथं जुने रिपोर्ट जोडलेले असतात तिथं ओळीनं एकच, "फाईल सापडली नाही." मॅडमनी नमुना तपासला, पिशवी जुळवून पाहिली. जुळली. वर पाठवायले पिशवी ट्रेमध्ये ठेवली.

मी फोन तसाच टेबलावर टाकून धावली. "मॅडम, थांबा. हिचा नागपूरचा रिपोर्ट होता. मीच स्कॅन केला होता. कोणतं तरी रक्त हिले चालत नाही."

"कोणतं?"

आता ते मले कसं आठवावं? इंग्रजी अक्षरं आणि वर बारीक खूण, एवढंच डोळ्यासमोर.

मॅडमनी ट्रेवरून पिशवी उचलून फ्रीजमध्ये परत ठेवली. त्या बाईचे उपकार मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "ताई, तो रिपोर्ट मिळाल्याशिवाय मी हे रक्त देणार नाही. आज तपासणीत काही दिसत नाही, पण त्याला अर्थ नाही." आणि मघा लिहिलेली ती गोम त्यांनी तिथं उभ्या उभ्या सांगितली.

सलीमभाईंनी ऐकलं. म्हणाले, "बाई, मी मोबाईलमंदी फोटो काढला होता कागदाचा. तो मोबाईल विहिरीत पडला. मी म्हटलं, जाऊ द्या, रक्तपेढीत तं हायच."

रक्तपेढीत तं हायच! ऐकतेस ना, स्नेहल?

नागपूरले फोन लावला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "रिपोर्ट नंबर सांगा." नंबर त्या कागदावरच होता. नावावरून शोधता येते का? येते, पण जुनं रेकॉर्ड दुसऱ्या गोदामात आहे, दोन-चार दिवस लागतील. नाझनीन बाकावर आडवी झाली होती, तिच्या नखायचा रंग उडाला होता. दोन-चार दिवस!

मी सर्व्हरच्या खोलीत गेली. पंकज बॅग भरत होता.

"पंकज, स्कॅनचा फोल्डर कुठं आहे?"

"आला असेल की, काकू. सगळं हिरवं आहे."

"माझ्यासमोर उघड."

त्यानं उघडलं. फोल्डर नव्हता. बॅकअपच्या सेटिंगमध्ये गेला. तिथं एक यादी असते, काय काय घ्यायचं नाही त्याची. त्या यादीत आमचा स्कॅनचा फोल्डर लिहिलेला. खळ्यात राह्यलेली पोती दिसू नयेत म्हणून मोजायच्या यादीतूनच ती खोडून टाकलेली. मग काय, मोजणी बरोबरच येणार. हिरवंच येणार.

"हे कोणी केलं?"

पंकज म्हणाला, "साहेब म्हणाले, तपासणीपुरतं हिरवं करून दे. मग परवानगीचं बघू."

"मग बघितलं का?"

"काकू, कोणी पुन्हा फोनच केला नाही."

"मी केला होता रे! मी विचारलं होतं, परवानगी दिली का? तू म्हणाला, टेन्शन नाई!"

सेक्रेटरी साहेब दारात आले. "काकू, आवाज कमी. पेशंट लोक ऐकून राह्यले."

"ऐकू द्या साहेब. त्यायचेच कागद गेले आहेत. तुमच्या पुतणीचं लग्न पाहा, ते पूर्ण आलं असेल!"

आयुष्यात सेक्रेटरीसमोर एवढ्या आवाजात मी तेव्हाच बोलली. आणि उपयोग काही नव्हता. पंकजनं सांगितलं, तांबड्या डिस्कवर जागा व्हावी म्हणून जुन्या प्रती आपोआप पुसल्या जातात. स्कॅनची शेवटची प्रत केव्हाच पुसली गेली. रागानं काही पुसलेलं परत येत नाही.

मग मी म्हटलं, "निळी डिस्क."

साहेब म्हणाले, "ते तं भंगारात गेली."

तेव्हा मागून गुलाबमामा हळूच बोलले, "नाई गेली, साहेब."

सगळे वळले. मामा टोपी हातात घेऊन उभे. "खंडेनवमीले आपण तिची पूजा केली होती ना. पुजलेलं हत्यार भंगारवाल्याले कसं द्याचं? मॉनिटर देले, ते ठेवली म्या."

"कुठं?"

"स्टोरमंदी. देवाच्या फोटोजोळ."

बाहेरच्या वाचकायले सांगते, आमच्याकडे खंडेनवमीले हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचं वखर-नांगर, शिवणाऱ्याची कातर, आणि रक्तपेढीत पिशव्यायचा काटा, सेंट्रिफ्यूज, फ्रीज, कम्प्युटर. गुलाबमामा सगळ्यायले पुसून हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल ठेवत. निळ्या डिस्कले ते नंतरही दर नवमीले कुंकू लावत आले होते, कोणाले न सांगता.

मामा डिस्क घेऊन आले. वर वाळलेला झेंडू, निळ्या पट्टीवर कुंकवाचे थर. मी हात जोडले, खोटं कशाले बोलू. पंकजनं वायर लावली. काही नाही. सॉफ्टवेअरले डिस्क दिसेचना. पुन्हा लावली. काही नाही.

"गेली वाटते, काकू."

मी डिस्क उलटी करून उजेडात धरली. वायर घालायच्या भोकात कुंकू! मामानं इतक्या भक्तीनं लावलं होतं की भोकसुद्धा भरून गेलं होतं. मामाचा चेहरा पडला. "मले काय मालूम बाई..." म्हटलं, मामा, आज तुमाले काही म्हणणार नाही. लॅबमधून कोरडा मऊ ब्रश आणला. फुंकायचं नाही, तोंडाची ओल जाते. मी ब्रशनं एकेक कण काढत बसली. साहेब घड्याळ पाहत, पंकज घाम पुसत, आणि बाहेर बाकावर सलीमभाई मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले, ते मले खिडकीतून दिसत. राग तेव्हा कामी आला. रागानं हात घट्ट झाला.

वायर लावली. डिस्क फिरल्याचा बारीक आवाज आला. पडद्यावर नाव उमटलं. आत स्कॅनचा फोल्डर होता, नव्या स्कॅनरच्या आधीचा, पूर्ण. नाझनीनचं नाव. उघडलं. नागपूरचा कागद जसाच्या तसा, कोपऱ्यात सलीमभाईंच्या, रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन लागलेल्या अंगठ्याचा ठसासुद्धा.

मॅडमनी वाचलं. फ्रीजमधल्या पिशव्यायची त्या प्रकारासाठी तपासणी केली. जी मघा ट्रेमध्ये ठेवली होती, ती नेमकी नको असलेल्या प्रकारची निघाली. दुसरी चालणारी पिशवी सापडली. नाझनीनले रक्त चढलं. संध्याकाळी तिच्या ओठावर रंग आला आणि ती मले म्हणाली, "काकू, तुमच्या नाकाले कुंकू लागलं."

इथं गोष्ट संपली असती तर हा लेख मी गोड लिहिला असता. पण पुढं काय झालं ते ऐक. संस्थेनं कार्यक्रम घेतला. टेबलावर निळी डिस्क ठेवली, तिले हार घातला! सेक्रेटरी साहेब माइकवर म्हणाले, "आपली बॅकअप यंत्रणा किती सक्षम आहे हे सिद्ध झालं." मामाले शाल दिली, मलेही शाल दिली. मी खुर्चीवर बसून विचार करत होती, नवा स्कॅनर आल्यानंतर जे जे कागद स्कॅन झाले, रद्दीत गेले, आणि निळीवर नव्हते, त्या पेशंटायचं काय? ते तर कुठंच नाहीत. ना तांबडीवर, ना निळीवर, ना घरी. कार्यक्रम संपल्यावर साहेबांले विचारलं, "त्या लोकायले सांगाचं कोणी?"

"काकू, कायले उगा घाबरवता लोकायले?"

घाबरवता! ज्यायले आपण सांगितलं की तिजोरीत टाकलं, त्यायले तिजोरी रिकामी आहे हे सांगायचं नाही म्हणे!

मग मी सांगितलं. फोनवर बसवलं होतं ना मले? बसली फोनवर. नोकरी संपेपर्यंत एकेकाले फोन लावले. "नमस्कार, दादा, तुमचा जुना रिपोर्ट आमच्याकडून गेला. तुमच्याजवळ दुसरी प्रत आहे का? नसली तर रक्त घेताना डॉक्टरले आवर्जून सांगा, आधी त्रास झाला होता म्हणून." कोणी शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. कोणाकडे झेरॉक्स निघाली. आसेगावच्या एका बाईनं पिठाच्या डब्यातून कागद काढून आणून दिला. धनजच्या एका दादाचा फोन मात्र लागलाच नाही. नंबर बदलला असावा. गावात निरोप धाडला, तर म्हणे कामाले पुण्याकडे गेला. त्याच्या कागदावर काय होतं ते मले आठवत नाही, आणि त्याले कुठं, कोण, कोणतं रक्त देईल ते मले माहीत नाही. अजून लावते तो नंबर. एक बाई रेकॉर्डवर सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही. माणूस असेल ना पण!

म्हणून, स्नेहल, तू "रोज हिरवं येते" म्हणाली तेव्हा मले नाझनीन दिसली, आणि न पाहिलेला तो धनजचा माणूस दिसला. उद्या गेल्या गेल्या पहिले ती वगळायची यादी उघड. तिच्यात काय लिहिलं आहे ते वाच. मग नोंद वाच, किती घ्यायच्या होत्या, किती घेतल्या. आणि शनिवारी एक फाईल काढून उघडून पाहा. कोणी हसलं तर हसू दे. साहेब म्हणाले वेळ जाते, तर म्हण, काकूनं सांगितलं. मी अजून जिवंत आहे, भांडायले येईन.

आणि एक शेवटचं. सलीमभाईंनी नाझनीनच्या त्या कागदाच्या रंगीत प्रती काढल्या आणि काळ्या रेक्झिनच्या थैल्या शिवल्या, दुहेरी टाक्याच्या, सीटले घालतात तशा. एक त्यायच्या घरी. एक नाझनीनच्या पर्समध्ये. आणि एक घेऊन माझ्या दारात आले. "बाई, एक तुमच्याजोळ राहू द्या. दुसऱ्या छपराखाली पाह्यजे म्हणता ना तुमी." मी ती ठेवली आहे. कुठं, ते माझ्या सुनेले माहीत नाही, मुलाले माहीत नाही. इथं छापत नाही. आणि माझं वय आता असं आहे की सकाळी चष्मा कुठं ठेवला ते दुपारी आठवत नाही.

जी प्रत कुठं आहे हे एकाच माणसाले माहीत असते, ती प्रत नाही, पोरी. ती पिवळी.

म्हणून ये. दिवाळीनंतर करू, संक्रांतीनंतर करू, असं करू नको. या रविवारी ये, तुझी आई येत असेल तर तिलेही आण. बेसनाचे लाडू ठेवले आहेत. तुले ती थैली कुठं आहे ते दाखवते, तुझ्या हातानं बाहेर काढ, उघड, कागद वाचता येते का पाहा, आणि मग लाडू खा. पण लवकर ये.